गळ्यातील विद्रधी : सुश्रुत, सोलापूरचे डॉ. कोटणीस आणि पिंपरीचे पेनिसिलीन

आजच्या धाग्याचा विषय युद्ध, तह किंवा ताम्रपट नाही. विषय आहे घशातील एक अत्यंत अरुंद जागा. गलग्रंथी, ज्यांना आपण सर्रास टॉन्सिल म्हणतो, त्यांच्याभोवती एक पातळ वेष्टन असते. त्या वेष्टनाच्या पलीकडे घशाचा स्नायू असतो. या दोहोंच्या मधल्या जागेत निरोगी माणसाच्या बाबतीत जवळजवळ काहीच नसते. पण घसा वारंवार सुजत राहिला की कधीतरी तेथे पू साचू लागतो, आणि मग हीच जागा माणसाचे बोलणे, गिळणे, प्रसंगी श्वासही अडवून धरते.

हा रोगी ओळखायला फारशी विद्या लागत नाही. तोंडात गरम घास धरून बोलावे तसा त्याचा आवाज येतो. जबडा दोन बोटांपेक्षा अधिक उघडत नाही. कान दुखतो, मान एका बाजूला कललेली असते, लाळ गिळवत नाही म्हणून ती ओठांवाटे गळत राहते. आत पाहिले तर पडजीभ दुखऱ्या बाजूकडून ढकलली जाऊन दुसऱ्या बाजूला सरकलेली दिसते. सोलापुरात आयुष्यभर कडक भाकरी आणि शेंगाचटणी खाल्लेल्या माणसाला त्या आठवड्यात पाण्याचा घोटही नको होतो.

या रोगावर इलाज काय, याचे अर्धे उत्तर मानवाला किमान दोन हजार वर्षांपासून ठाऊक आहे: पू बाहेर काढा. उरलेल्या अर्ध्या उत्तरासाठी मात्र विसावे शतक उजाडावे लागले. तो पू पसरू नये आणि परत येऊ नये म्हणून काय करावे, हा तो उरलेला प्रश्न. या धाग्यात त्याचाच माग काढू. वाटेत सोलापूरचे एक सुपुत्र भेटतील, पण त्यांच्यापर्यंत पोहोचण्यापूर्वी बरेच मागे जावे लागेल.

सुश्रुतसंहितेच्या निदानस्थानात मुखरोगांचा एक स्वतंत्र अध्याय आहे. त्यात पासष्ट रोग मोजले आहेत: ओठांचे आठ, हिरड्यांचे पंधरा, दातांचे आठ, जिभेचे पाच, टाळूचे नऊ, कंठाचे सतरा आणि सर्व मुख व्यापणारे तीन. ही मोजदाद आज कोणाला पाल्हाळ वाटेल, पण तिच्यामागची दृष्टी पाहण्याजोगी आहे. टाळूच्या रोगांत 'तुंडिकेरी' येते. रानकापशीच्या बोंडासारखी सूज, असे तिचे वर्णन आहे, आणि अनेक आधुनिक वैद्य तिचा संबंध सुजलेल्या गलग्रंथींशी लावतात. कंठाच्या रोगांत 'गलविद्रधी' वेगळा सांगितला आहे. विद्रधी म्हणजे खोल गळू. याचा अर्थ नुसती सुजलेली ग्रंथी आणि घशात साचलेला पू या दोन निराळ्या गोष्टी आहेत, हे ग्रंथकाराला स्पष्ट दिसत होते. आजच्या बाह्यरुग्ण विभागातही पहिला निर्णय हाच असतो: ही नुसती सूज आहे की आत पू झाला आहे?

या निर्णयाविषयी सुश्रुत विलक्षण कठोर आहे. सूत्रस्थानात त्याने शोथाच्या तीन अवस्था सांगितल्या: आम, पच्यमान आणि पक्व. कच्ची, पिकू लागलेली आणि पिकलेली. पिकलेल्या सुजेची खूण कोणती? वेदना उतरते, त्वचेवर सुरकुत्या येतात, बोटाने दाबले की खळगा पडून पुन्हा भरून येतो, आणि आतला पू पाण्याने भरलेल्या पखालीतील पाण्यासारखा एका बाजूने दाबता दुसरीकडे सरकतो. ज्याला या अवस्था ओळखता येतात तोच वैद्य. बाकीचे चोरासारखा धंदा करणारे, असा त्याचा निर्वाळा आहे. कच्चे गळू अज्ञानाने कापणारा आणि पिकलेल्याची उपेक्षा करणारा, दोघांनाही तो एकाच निंद्य पंक्तीत बसवतो. तत्कालीन समाजातील जातिवाचक शिवी त्यासाठी वापरतो, हेही नोंदवून ठेवले पाहिजे. प्राचीन ग्रंथ वाचताना त्यातील शल्यज्ञान तेवढे उचलायचे आणि समाज मात्र दिसला नाही असे करायचे, हे प्रामाणिकपणाचे नव्हे.

गलविद्रधीच्या चिकित्सेत मात्र त्याने एक अट घातली आहे, आणि माझ्या मते सगळ्या विषयाचे मर्म तीत आहे. गळू चांगले पिकलेले असावे आणि ते मर्मस्थानी नसावे. मगच ते फोडावे. 'मर्म' हा शब्द येथे अलंकार म्हणून आलेला नाही. शारीरस्थानात मानेतील मर्मांची यादी आहे. त्यांत कंठनाडीच्या दोन्ही बाजूंना 'नीला' आणि 'मन्या' सांगितल्या आहेत, ज्यांना इजा झाल्यास वाचा किंवा स्वर बिघडतो. आणि ग्रीवेच्या दोन्ही अंगांना मिळून आठ 'मातृका' नावाच्या सिरा सांगितल्या आहेत, ज्यांना इजा झाली तर माणूस तत्काळ मरतो.

आता आधुनिक शरीररचनाशास्त्र काय सांगते ते पाहा. गलग्रंथीच्या मागे व बाहेरच्या अंगाला, प्रौढ माणसात साधारण अडीच सेंटिमीटरवर, मेंदूला रक्त नेणारी मुख्य धमनी असते. म्हणूनच जुने शल्यविशारद घशातील गळू फोडण्यापूर्वी सुरीच्या पात्याला चिकटपट्टी गुंडाळत आणि केवळ टोकाचा लहानसा भाग उघडा ठेवत. हात घसरला तरी पाते त्याहून खोल जाऊ नये, एवढीच ती युक्ती. रोग्याला बसवून, मान पुढे झुकवून कापायचे, म्हणजे फुटलेला पू श्वासनलिकेत न उतरता तोंडावाटे बाहेर पडेल. आडवे निजवून, पूर्ण भूल देऊन हे काम करणे त्या काळी अधिक धोक्याचे होते, कारण बेशुद्ध माणसाच्या घशात गळू फुटले तर तो स्वतःच्या पुवातच गुदमरू शकतो.

सुश्रुताचा आणखी एक दाखला देण्याचा मोह आवरत नाही. वाढलेल्या पडजिभेला तो 'गलशुंडिका' म्हणतो. अंगठा व बोट यांच्या चिमटीत धरून ती ओढावी आणि मंडलाग्र नावाच्या शस्त्राने कापावी, पण किती? फार नाही, फार थोडीही नाही. जास्त कापली तर रक्तस्राव होऊन रोगी दगावतो, कमी कापली तर सूज, लाळ, झोप आणि भोवळ मागे उरते. तुंडिकेरीलाही हीच रीत सांगितली आहे. जवळपास त्याच युगात रोममध्ये केल्सस हा लेखक कठीण झालेल्या गलग्रंथी बोटाने भोवतालून सोडवून उपटून काढाव्यात, न निघाल्यास आकडीने धरून सुरीने काढाव्यात, असे लिहीत होता. दोन्हीकडे हात धीट होता. पण रक्त थांबवण्याची खात्री दोहोंकडे नव्हती, आणि संसर्ग म्हणजे काय हे दोघांनाही ठाऊक नव्हते.

ग्रीकांनी गळा आवळणाऱ्या रोगांना 'क्युनांखे' म्हटले. कुत्र्याचा गळा आवळावा तसा आवळणारा, हा त्याचा धात्वर्थ. इंग्रजीत घशातील गळवाला 'क्विन्सी' म्हणतात, तो शब्द याच ग्रीक शब्दाची झिजलेली संतती आहे. पण या एकाच नावाखाली कित्येक निरनिराळे रोग शतकानुशतके दडून राहिले. नावाचा हा गोंधळ किती महाग पडू शकतो, याचे सर्वांत प्रसिद्ध उदाहरण अमेरिकेतले आहे.

१२ डिसेंबर १७९९ रोजी जॉर्ज वॉशिंग्टन आपल्या जमिनीवर हिमवर्षाव व गारठ्यात घोड्यावरून हिंडले. दुसऱ्या दिवशी घसा दुखू लागला. १४ तारखेच्या पहाटे श्वास घेणे अवघड झाले. काकवी, व्हिनेगर आणि लोणी यांचे मिश्रण पाजण्याचा प्रयत्न झाला, तेव्हा ते गिळताना त्यांचा जीव कासावीस झाला. दिवसभरात चार वेळा त्यांचे रक्त काढण्यात आले. एकूण सुमारे सव्वादोन लिटर, म्हणजे शरीरातील रक्ताचा मोठा हिस्सा. तीन वैद्यांपैकी सर्वांत तरुण, एलिशा डिक, यांनी श्वासनलिकेला छेद देण्याचे सुचवले. ज्येष्ठांनी ते मानले नाही. रात्री दहाच्या सुमारास वॉशिंग्टन गेले. त्यांना गळू झाले होते की श्वासनलिकेच्या तोंडावरचे झाकण सुजले होते, यावर आजही वाद चालतो, आणि बहुतेकांचा कल दुसऱ्या निदानाकडे आहे. रक्त काढण्याऐवजी श्वासाची वाट मोकळी करणारा निर्णय त्या खोलीत उच्चारला गेला होता आणि तो नाकारला गेला, ही गोष्ट मात्र वादापलीकडची.

आपल्याकडच्या घरांत या काळात काय होते? हळद-मिठाच्या गुळण्या, शेक, लेप आणि वाट पाहणे. हे सर्व टाकाऊ होते असे मुळीच नाही. पुष्कळ गळवे पिकून आपोआप फुटतात. रोगी मध्यरात्री उठतो, तोंडात दुर्गंधीयुक्त पू येतो, आणि सकाळी त्याला आठवड्याने प्रथमच भूक लागते. जी फुटत नाहीत, त्यांचा प्रश्न असतो. मानेत पू खाली उतरत छातीपर्यंत जाऊ शकतो. १९३६ मध्ये आंद्रे लेमियेर या फ्रेंच वैद्याने एक निबंध प्रसिद्ध केला. घशाच्या संसर्गानंतर मानेतील मोठी शीर सुजते, तीत गुठळी होते, आणि तिचे जंतुमय तुकडे फुप्फुसांत जाऊन पोहोचतात, असे वीस रोगी त्याने मांडले. त्या विसांपैकी अठरा दगावले होते. निरोगी तरुण माणूस, आधी घसा दुखतो, पाचसहा दिवसांनी थंडी वाजून ताप येतो, आणि मग काही हाती लागत नाही. १९३६ ही तारीख लक्षात ठेवा.

त्याच सुमारास सोलापूरचा एक तरुण मुंबईत वैद्यकीय शिक्षण पुरे करत होता. द्वारकानाथ शांताराम कोटणीस यांचा जन्म १० ऑक्टोबर १९१० रोजी सोलापुरात झाला. मुंबईच्या सेठ गोर्धनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालयात ते शिकले. १९३८ मध्ये जपानी आक्रमणाशी झुंजणाऱ्या चीनला राष्ट्रीय सभेने पाच डॉक्टरांचे पथक पाठवले: अटल, चोळकर, मुखर्जी, बसू आणि कोटणीस. सोलापूरकरांना हे नाव सांगावे लागत नाही, व्ही. शांताराम यांच्या १९४६ च्या चित्रपटामुळे ते देशभर गेले. पण कोटणीसांची कथा आपण नेहमी मैत्रीची आणि त्यागाची कथा म्हणून सांगतो. ती पुवाच्या इतिहासाचीही कथा आहे, आणि तो भाग फारसा कोणी सांगत नाही.

कोटणीस ज्या पिढीचे शल्यविशारद होते तिच्या हाती जंतुशास्त्र पूर्ण होते, भूल होती, निर्जंतुक शस्त्रे होती. नव्हते ते जंतूंना शरीरात शिरल्यावर मारणारे खात्रीचे औषध. १९३५ मध्ये जर्मनीत गेरहार्ड डोमाक यांनी प्रॉन्टोसिल या लाल रंगद्रव्याचा गुण जाहीर केला. त्यांच्या स्वतःच्या मुलीला हातात सुई घुसून झालेल्या संसर्गातून त्यानेच वाचवले होते. त्यातून सल्फा औषधांचे कुळ निघाले. घशातील गळवांना कारण होणारे साखळीजंतू, म्हणजे स्ट्रेप्टोकॉकस, या औषधांना पुष्कळ अंशी दाद देत. मात्र एक मर्यादा होती. मेलेल्या पेशी आणि पू यांतून जी द्रव्ये सुटतात, ती सल्फाचा प्रभाव मारून टाकतात. पसरणारा संसर्ग सल्फाने रोखता येई, साचलेला पू नाही. म्हणून सुरी होती तेथेच राहिली.

आणि युद्धक्षेत्रात सल्फाही पुरेसे नव्हते. कोटणीस ज्या प्रदेशात पुढे कामाला गेले, तेथे त्यांच्याआधी नॉर्मन बेथ्यून हे कॅनडाचे विख्यात शल्यविशारद काम करत होते. ऑक्टोबर १९३९ च्या अखेरीस शस्त्रक्रिया करताना त्यांचे बोट कापले. त्यानंतर थोड्याच दिवसांत मानेच्या गंभीर संसर्गाने पीडित सैनिकावर त्यांनी शस्त्रक्रिया केली, आणि जखमेतून तो संसर्ग त्यांच्या रक्तात गेला. १२ नोव्हेंबर १९३९ रोजी हपै प्रांतातील एका खेड्यात त्यांचा मृत्यू झाला. आयुष्यभर दुसऱ्यांच्या शरीरातला पू काढणारा माणूस एका बोटाच्या जखमेने गेला. बेथ्यून यांच्या निधनानंतर कोटणीस त्या भागात पोहोचले, आणि पुढे बेथ्यून यांच्याच नावाने चाललेल्या रुग्णालयाचे प्रमुख झाले. तेथे त्यांनी शेकडो शस्त्रक्रिया केल्या, चिनी विद्यार्थ्यांना चिनी भाषेत शिकवले. अपस्माराच्या झटक्यांनी ९ डिसेंबर १९४२ रोजी, अवघ्या बत्तिसाव्या वर्षी, त्यांचे निधन झाले. पेनिसिलीन त्यांच्या हाती कधी पडले नाही.

ते औषध तेव्हा अस्तित्वात नव्हते असे मात्र नाही. १२ फेब्रुवारी १९४१ रोजी ऑक्सफर्डमध्ये आल्बर्ट अलेक्झांडर या पोलीस शिपायाला ते प्रथम देण्यात आले होते. चेहऱ्यावरील संसर्गातून त्याच्या डोक्यावर व तोंडावर गळवेच गळवे झाली होती, एक डोळा काढावा लागला होता. पेनिसिलीन सुरू होताच ताप उतरला, भूक लागली. पाचव्या दिवसापर्यंत सुधारणा डोळ्यांत भरण्याजोगी होती. आणि औषध संपले. त्याच्या लघवीतून बाहेर पडलेले पेनिसिलीन गाळून पुन्हा त्यालाच टोचण्याचा प्रयत्नही करून झाला होता. संसर्ग परतला. १५ मार्चला तो मेला.

'पुनरुद्भव' हा शब्द वैद्यकाच्या पुस्तकात कोरडा वाटतो. अलेक्झांडरच्या खाटेशी उभ्या असलेल्या माणसांना त्याचा अर्थ कळला: रोग अर्धा मारला तर तो परत येतो.

ज्या काळात औषध नव्हते, त्या काळात परत येण्यावर उपाय एकच दिसत होता: ती जागाच नाहीशी करा. पू साचतो तो वेष्टन आणि स्नायू यांच्यामध्ये; ग्रंथी वेष्टनासह काढली तर मधली जागा उरतच नाही. तर्क बिनतोड आहे. १८२० च्या दशकाच्या अखेरीस फिलाडेल्फियाच्या फिलिप सिंग फिजिक यांनी ग्रंथी कापण्यासाठी गिलोटिनच्या धर्तीचे उपकरण आणले. (शल्यविशारदाचे आडनाव 'फिजिक' असावे, हा योगायोग इतिहासानेच करावा.) या उपकरणाने काम क्षणात होई, पण ग्रंथीचा बुंधा मागे राही. विसाव्या शतकाच्या पहिल्या दोन दशकांत संपूर्ण ग्रंथी वेष्टनासह सोडवून काढण्याची पद्धत रूढ झाली, आणि गळू परतण्याची वाट खरोखर बंद झाली.

येथवर सगळे ठीक होते. मग उपाय रोगापेक्षा मोठा झाला. दात, हिरड्या, गलग्रंथी यांत लपलेला संसर्ग शरीरभर संधिवातापासून मनोविकारापर्यंत सर्व काही घडवतो, अशी एक उपपत्ती त्या काळी फार लोकप्रिय झाली. ज्यांना कधी गळू झाले नव्हते अशा मुलांच्याही ग्रंथी सरसकट काढल्या जाऊ लागल्या. १९३४ मध्ये न्यूयॉर्कमधील एक हजार शाळकरी मुलांची पाहणी प्रसिद्ध झाली. त्यांपैकी ६११ जणांच्या ग्रंथी आधीच काढलेल्या होत्या. उरलेले ३८९ डॉक्टरांना दाखवले. त्यांनी १७४ जणांना शस्त्रक्रिया सांगितली. ज्यांना नको म्हटले होते ते २१५ दुसऱ्या डॉक्टरांकडे नेले. त्यांनी ९९ जणांना सांगितली. उरलेल्या ११६ जणांना पुन्हा नव्या डॉक्टरांपुढे उभे केले, आणखी ५१. शेवटी उरले ६५. प्रत्येक वेळी साधारण निम्मी मुले रोगी ठरत होती, मग समोर कोणतीही मुले असोत. निदान मुलांच्या घशात नव्हते, डॉक्टरांच्या सवयीत होते.

चार वर्षांनी इंग्लंडमध्ये जे. अॅलिसन ग्लोव्हर यांनी तेथील शाळकरी मुलांचे आकडे तपासले. शेजारशेजारच्या जिल्ह्यांत या शस्त्रक्रियेचे प्रमाण कित्येक पटींनी निराळे होते, आणि त्याचे कारण हवामान, गरिबी, दात यांपैकी कशातही सापडत नव्हते. लंडनजवळच्या हॉर्न्सी येथे शाळांचा वैद्यकीय अधिकारी बदलला तेव्हा शस्त्रक्रियांची संख्या एकदम घसरून अगदी थोड्यांवर आली, आणि मुलांचे काहीही बिघडले नाही. आपल्याकडेही 'टॉन्सिल काढले की आईस्क्रीम मिळेल' या आश्वासनावर शस्त्रक्रियेच्या टेबलापर्यंत गेलेली एक पिढी अजून हयात आहे. त्यांतील किती जणांना ती खरोखर हवी होती, हे आता कोणी सांगू शकणार नाही.

सुश्रुताच्या त्या दोन निंद्य वैद्यांची येथे आठवण होते. एक कच्चे कापतो, दुसरा पिकलेले सोडतो.

आता महाराष्ट्रात येऊ. दुसऱ्या महायुद्धात पेनिसिलीन कारखान्यांत तयार होऊ लागले, पण भारताला ते विकत आणावे लागे. स्वातंत्र्यानंतर जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांच्या साहाय्याने पुण्याजवळ पिंपरी येथे सरकारी कारखाना उभारण्याचे ठरले. १९५४ मध्ये हिंदुस्थान अँटिबायोटिक्स ही कंपनी स्थापन झाली आणि १९५५ मध्ये उत्पादन सुरू झाले. सार्वजनिक क्षेत्रातील ही देशातली पहिली औषधनिर्मिती कंपनी. कोटणीसांना जाऊन तेरा वर्षे झाली होती. सोलापूरहून मुंबईकडे जाणारी रेल्वे पुण्यावरून याच पिंपरीला वळसा न घालता जाते; ज्या मार्गाने एक विद्यार्थी शिकायला गेला, त्याच मार्गावर ते औषध आता तयार होत होते. सोलापुरात १९६३ मध्ये डॉ. वैशंपायन स्मारक वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले, आणि जिल्ह्याला स्वतःचे डॉक्टर स्वतःच्या गावी घडवता येऊ लागले. लेमियेरच्या निबंधातील तो भयंकर रोग पेनिसिलीनच्या युगात इतका दुर्मीळ झाला की पुढच्या डॉक्टरांना त्याचा विसर पडू लागला.

पेनिसिलीनचा एक उपयोग गळवाच्याही पुढचा होता. घशात शिरलेला साखळीजंतू काहींच्या शरीरात संधिवाताचा ताप आणि त्यातून हृदयाच्या झडपांचा आजार घडवतो. १९५० मध्ये अमेरिकेच्या वायुदलातील तळावर झालेल्या अभ्यासाने दाखवले की घसा दुखत असतानाच पेनिसिलीन दिले तर हा ताप बहुतांशी टळतो. ज्यांना तो एकदा येऊन गेला त्यांना दर तीन-चार आठवड्यांनी दीर्घकाळ टिकणाऱ्या पेनिसिलीनचे इंजेक्शन देत राहण्याची पद्धत यातून रुजली. आपल्या जिल्हा रुग्णालयांत अशी इंजेक्शने घेत मोठी झालेली मुले अनेकांनी पाहिली असतील.

११ डिसेंबर १९४५ रोजी नोबेल व्याख्यानात अलेक्झांडर फ्लेमिंग यांनी एक काल्पनिक गोष्ट सांगितली होती. एका गृहस्थाचा घसा दुखतो. तो स्वतःच पेनिसिलीन विकत घेतो, आणि जंतू मरण्याइतके न घेता त्यांना प्रतिकार शिकवण्याइतके घेतो. मग तेच जंतू त्याच्या पत्नीला होतात, तिला न्यूमोनिया होतो, पेनिसिलीन लागू पडत नाही आणि ती मरते. दोष कोणाचा? त्या गृहस्थाचा, असे फ्लेमिंग म्हणाले. इतिहासाने या गोष्टीला एक विचित्र वळण दिले. फ्लेमिंग यांनी ज्या साखळीजंतूचे उदाहरण घेतले, तोच आजतागायत पेनिसिलीनला दाद देत आला आहे. प्रतिकार शिकले ते इतर जंतू. घशाच्या गळवात साखळीजंतूखेरीज हवेविना वाढणारे मुखातील जंतूही असतात, आणि त्यांतील काही पेनिसिलीन मोडून टाकतात. म्हणून आज अनेकदा जोडीला दुसरे औषध द्यावे लागते. भारतात १ मार्च २०१४ पासून 'एच-१' अनुसूची लागू होऊन बऱ्याच प्रतिजैविकांच्या विक्रीची नोंद ठेवणे दुकानदारांवर बंधनकारक झाले, ते फ्लेमिंग यांच्या त्या गृहस्थाला आवरण्यासाठीच.

मग आज हे गळू बरे कसे करतात? मूळ कृती सुश्रुताला ओळखीची वाटेल. रोगी बसलेला, घशात बधिर करणारे औषध, आणि पुष्कळदा सुरीऐवजी जाड सुई. सुईने पू ओढून घेतला तरी बहुतेकांना छेदाइतकाच आराम पडतो, असा अनुभव आहे. पू निघाला की काही मिनिटांत तोंड थोडे अधिक उघडते. मग प्रतिजैविकाचा पूर्ण क्रम, पाणी, वेदनाशामक. तोंड उघडत नाही, लाळ गळते, आवाज बदलला आहे किंवा श्वासाला अडथळा वाटतो, अशा वेळी गुळण्या करत थांबायचे नसते. त्याच दिवशी रुग्णालय गाठायचे असते.

आणि परत येण्याचे काय? साधारण शंभरातील दहा ते पंधरा जणांना ते पुन्हा होते. म्हणजे बहुसंख्यांना होत नाही, आणि म्हणूनच पहिल्या गळवानंतर प्रत्येकाच्या ग्रंथी काढण्याचे कारण नाही. ज्यांचा घसा आधीपासून वर्षातून अनेकदा सुजतो, ज्यांना दुसऱ्यांदा गळू झाले, त्यांच्या बाबतीत सूज उतरल्यावर काही आठवड्यांनी शस्त्रक्रियेचा विचार होतो. १९३४ च्या त्या ६५ मुलांनंतर हा हिशेब जागेवर यायला बराच काळ गेला.

प्रतिबंधाच्या यादीत एक कारण सोलापूरसाठी अवघड आहे. धूम्रपान करणाऱ्यांत हे गळू अधिक आढळते. आणि विडी वळणे हा या शहरातील हजारो स्त्रियांचा घरबसल्या रोजगार आहे. कुंभारी येथे गोदूताई परुळेकरांच्या नावाने उभी राहिलेली दहा हजार घरांची वसाहत त्यांच्याच लढ्यातून आली. त्या स्त्रिया विडी ओढत नाहीत, वळतात. ओढणारा दुसरीकडे कोठेतरी असतो, घसा धरून.

गलविद्रधीच्या शेजारी सुश्रुताने 'रोहिणी' नावाचा आणखी एक कंठरोग सांगितला आहे, आणि चरकाच्या मते तो तीन रात्रींत माणूस नेतो. मराठी घरांत ज्याला घटसर्प म्हणत, त्याच्याशी अनेकांनी त्याचे नाते जोडले. पुढचा धागा त्यावर.